इनबॉक्समधले मेल पायथनने उतरवायचे, पण अनरीड ते अनरीडच ठेवून

आमच्या काकू एका छोट्या दिवाळी अंकाचं संपादन बघतात. छोटा म्हणजे जाहिराती जेमतेम आणि मानधन त्याहून जेमतेम, पण जून लागला की साहित्य पाठवायचं आवाहन व्हॉट्सॅपवर फिरायला लागतं आणि ३१ जुलैपर्यंत इनबॉक्स नुसता ओसंडून वाहतो. कथा, कविता, कवितांचे गठ्ठे, "सोबत फोटो व अल्पपरिचय जोडला आहे". काकू एकेक मेल उघडायच्या, फाइल डाउनलोड करायच्या, तिला नाव द्यायच्या, फोल्डरमध्ये टाकायच्या, रोजची दुपार त्यातच जायची. मी म्हटलं काकू हे माणसाचं कामच नाही, स्क्रिप्टचं आहे, एका रविवारात करून देतो.

एक रविवार पुरला नाही ते सोडा. पहिल्याच रनला मी जो घोळ घातला तो आधी सांगतो. स्क्रिप्ट मस्त चालली, ४१२ मेल उतरले, फाइली जागेवर, मी खुश. संध्याकाळी काकूंचा फोन, "अरे, माझे न वाचलेले मेल कुठे गेले?" त्यांची पद्धत अशी की वाचून झालेली कथा साध्या अक्षरात दिसते आणि न वाचलेली ठळक, हाच सगळा हिशोब, वही नाही की एक्सेल नाही. आणि माझ्या स्क्रिप्टने ४१२ च्या ४१२ मेल वाचलेले करून टाकले होते. परत फिरवायची सोय नाही, कारण आधी कुठले ठळक होते ते कुठेच लिहिलेलं नसतं. काकू रागावल्या नाहीत, नुसतं "बरं" म्हणाल्या. ते "बरं" मला अजून ऐकू येतं.

त्यामुळे खाली जे काही आहे त्यात मेल कसा आणायचा हे निम्मं आणि आणताना मागे काही विस्कटून ठेवायचं नाही हे निम्मं. पायथन थोडंफार येतं असं धरून चालतोय. कमांडची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिलीयेत, फोनवर भाच्याला सांगतो तशी, टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये.

पॉप की आयमॅप

हा प्रश्न पहिल्यांदा सोडवून टाकू. मेल आणायचे दोन जुने रस्ते, पॉप-थ्री आणि आयमॅप. पॉप म्हणजे पेटी उघडायची, पत्रं पिशवीत भरायची, घरी आणायची, हवं तर पेटी रिकामी करायची, एवढंच त्याला कळतं. त्याला फोल्डर माहीत नाहीत, वाचलेलं न वाचलेलं माहीत नाही, शोधणं तर नाहीच. आयमॅपमध्ये पत्रं सर्व्हरवरच राहतात आणि आपण तिथे जाऊन बघतो, शोधतो, हवं ते मागतो. मार्क क्रिस्पिन नावाच्या माणसाने १९८६ मध्ये स्टॅनफर्डला असताना हे सुरू केलं, आज सगळीकडे चालतं ते व्हर्जन २००३ चं आणि त्याची सुधारित आवृत्ती २०२१ मध्ये आली. म्हणजे फोनवर आपण रोज जे बघतो त्याच्या तळाशी अजूनही बऱ्याचदा हेच असतं.

आपल्याला जूनपासूनचे मेल हवेत, एका लेबलमधले (जीमेल फोल्डरला लेबल म्हणतं) हवेत आणि परत परत जायचंय, तेव्हा आयमॅप. पॉपचा विचार फक्त जुन्या एखाद्या होस्टिंगवर दुसरं काही नसेल तर करा. पोर्ट लक्षात ठेवायचे ते ९९३, आणि पॉप असेल तर ९९५. १४३ आणि ११० हे साधे पोर्ट, तिथे एन्क्रिप्शन वेगळं चालू करावं लागतं आणि ते विसरलं की पासवर्ड उघडा जातो, म्हणून त्या वाटेला जायचंच नाही.

पासवर्ड

निम्मे लोक इथेच अडकतात. काकूंचं खातं जीमेलचं आहे, तिथे नेहमीचा पासवर्ड स्क्रिप्टमध्ये टाकला तर लॉगिन होत नाही, गूगलने ती सोय ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी बंद केलीय. आता काय करायचं तर आधी टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करायचं, मग खात्याच्या सिक्युरिटी सेटिंगमध्ये जाऊन ॲप पासवर्ड बनवायचा. १६ अक्षरांचा असतो, चार चारच्या गटात दिसतो, मधल्या मोकळ्या जागा काढून टाकल्या तरी चालतं. तो एकदाच दाखवतात, तेव्हाच घ्या. आणि मुख्य पासवर्ड बदलला की ॲप पासवर्ड आपोआप रद्द होतो, हे मला एका सकाळी स्क्रिप्ट अचानक बंद पडल्यावर कळलं, काकूंनी आदल्या रात्री भाचीच्या सांगण्यावरून पासवर्ड बदलला होता.

आउटलुकवाल्यांचं थोडं कठीण आहे. मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉमच्या वैयक्तिक खात्यांना सप्टेंबर २०२४ मध्ये साध्या पासवर्डचं लॉगिन बंद केलं, कंपन्यांच्या खात्यांना त्याच्याही आधी, २०२२ च्या ऑक्टोबरपासून. तिथे ओ-ऑथ लागतं, म्हणजे पासवर्डऐवजी तात्पुरत्या परवान्याने लॉगिन, टोकन आणा, ते जुनं झालं की नवं आणा, करता येतं पण तो वेगळाच रविवार आहे, इथे त्यात शिरत नाही.

पासवर्ड स्क्रिप्टच्या फाइलमध्ये लिहू नका. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा किंवा कीरिंग नावाची लायब्ररी वापरा. "फक्त माझ्याच लॅपटॉपवर आहे" म्हणणारे सगळे नंतर तीच फाइल कुणाला तरी मदत म्हणून पाठवतात.

आणि खातं दुसऱ्याचं असेल तर आधी त्यांना समोर बसवून सांगा की ही स्क्रिप्ट तुमचे सगळे मेल बघू शकते. ॲप पासवर्डला फोल्डरची मर्यादा नसते, ज्याच्याकडे तो आहे त्याला अख्खा मेलबॉक्स उघडा.

जोडणी आणि दार ढकलून न उघडणं

वेगळं काही इन्स्टॉल करायची गरज नाही. पायथनबरोबरच आयमॅपलिब येतं, आणि आलेला मेल उलगडायला ईमेल नावाचं दुसरं मोड्यूल, तेही सोबतच. दोन्ही इम्पोर्ट करा. मग आयमॅपलिबमधलं आयमॅप-फोर-अंडरस्कोर-एसएसएल घ्यायचं, त्याला सर्व्हरचं नाव द्यायचं, जीमेलसाठी आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट नाही दिला तरी ९९३ च धरतं. टाइमआउट मात्र आवर्जून द्या, मी ३० सेकंद देतो. ही सोय पायथन ३.९ पासून आहे, नाही दिला तर नेट गेल्यावर स्क्रिप्ट तशीच ध्यान लावून बसते आणि तुम्हाला वाटतं काम चालू आहे.

लॉगिन झालं की सिलेक्ट, आणि इथे रीडओन्ली इक्वल्स ट्रू लिहायचंच लिहायचं. हे लिहिलं की लायब्ररी सर्व्हरला सिलेक्टऐवजी एक्झामिन अशी आज्ञा पाठवते आणि मग त्या जोडणीतून मेलबॉक्समध्ये काहीच बदलता येत नाही, वाचल्याची खूण पडत नाही, चुकून डिलीटही होत नाही. माझा त्या दिवशीचा अख्खा घोळ या एका शब्दाने टळला असता.

फोल्डरच्या नावाच्या दोन गमती. नावात स्पेस असेल तर नावाभोवती दुहेरी अवतरण चिन्ह तुम्हालाच घालावं लागतं, म्हणजे पायथनच्या अवतरणाच्या आत अजून एक अवतरण. नाही घातलं तर सिलेक्ट एरर फेकेलच असं नाही, कधी गुपचूप "नो" एवढंच उत्तर येतं आणि पुढच्या सर्चला "कमांड सर्च इल्लीगल इन स्टेट ऑथ" असा मेसेज येतो. तो दिसला की सर्चमध्ये चूक शोधत बसू नका, त्याच्या आधीचं सिलेक्ट झालेलं नाही एवढाच त्याचा अर्थ. सिलेक्टचं पहिलं उत्तर "ओके" आहे का हे दरवेळी तपासा.

दुसरी गंमत खास आपली. काकूंचं जीमेल मराठीत आहे, आणि जीमेल स्पॅम, ऑल मेल वगैरे फोल्डरची नावं आयमॅपवरही खात्याच्या भाषेतच देतं. ती सरळ देवनागरीत आली असती तर ठीक होतं, पण आयमॅपमध्ये फोल्डरची नावं एका जुन्या कोडात येतात, अँपरसँड, मग अक्षरांची खिचडी, शेवटी डॅश. मी लिस्ट कमांड दिली तर समोर सगळी सी ने सुरू होणारी खिचडी, देवनागरीचं त्या कोडात असंच होतं. यावर दोन उपाय. स्पॅम किंवा ऑल मेल हवं असेल तर नावावर जाऊ नका, लिस्टच्या उत्तरात प्रत्येक फोल्डरपुढे बॅकस्लॅश जंक, बॅकस्लॅश ऑल अशा खुणा असतात त्या बघा, त्या भाषेप्रमाणे बदलत नाहीत. आणि स्वतःचं लेबल करणार असाल तर सरळ रोमन अक्षरात, एका शब्दात करा. मी काकूंना फिल्टर लावून दिला आणि लेबलचं नाव ठेवलं नुसतं "अंक", पण रोमनमध्ये. काकूंना ते आवडलं नाही, दिवाळी अंकाचं लेबल इंग्रजीत कसं म्हणून, पण चालवून घेतलं.

स्पॅमकडे बघाच. नवीन लेखक, विषय रिकामा, मजकूर एक ओळ, जोडलेली एक फाइल, असा मेल स्पॅममध्ये जायला आणखी काय लागतं. आम्हाला तिथे एक चांगली कथा सापडली.

शोधायचं कसं

सर्च करताना यूआयडी वापरा, यूआयडी म्हणजे सर्व्हरने त्या फोल्डरमधल्या प्रत्येक मेलला दिलेला स्वतःचा नंबर. म्हणजे थेट सर्च न म्हणता यूआयडी फंक्शनला सर्च हा शब्द द्यायचा, मग नन, मग अटी. फरक असा की साधा सर्च अनुक्रमांक देतो, आणि मधला एक मेल काकूंनी डिलीट केला की पुढचे सगळे नंबर एकाने सरकतात, मग काल ५७ नंबरची कथा आज ५६ होते. यूआयडी तसा सरकत नाही. एकदा यूआयडीवर गेलात की फेचही यूआयडीनेच, दोन्हीची सरमिसळ केली तर भलत्याच लेखकाची कविता भलत्याच नावावर जाते आणि ते कळतही नाही.

तारखेची अट सिन्स. तारीख लिहायची पद्धत ठरलेली, ०१, डॅश, महिन्याची इंग्रजी तीन अक्षरं, डॅश, २०२५. सिन्स त्या दिवसासकट पुढचे देतं, बिफोर मात्र तो दिवस वगळून आधीचे. दोन्ही वेळ बघत नाहीत, फक्त दिवस बघतात, आणि तोही मेल सर्व्हरवर आला तो दिवस. मेलवर लिहिलेल्या तारखेने शोधायचं असेल तर सेंटसिन्स आहे.

हा फरक पोकळ नाही. आमच्याकडे मुदत ३१ जुलै, आणि न्यू जर्सीहून एका बाईंची कथा त्यांच्या ३१ जुलैच्या रात्री ११ ला निघाली, म्हणजे आपल्याकडे १ ऑगस्टचे सकाळचे साडेआठ. मेलवरची तारीख म्हणते मुदतीत, सर्व्हर म्हणतो उशीर. त्यातून मेलवरची तारीख पाठवणाऱ्याच्या मशीनचं घड्याळ जे सांगेल ते, त्यावर फार विश्वास ठेवायचा नसतो. मी दोन्ही तारखा भारतीय वेळेत करून शेजारी शेजारी लिहून ठेवतो, निर्णय काकूंचा. ती कथा त्यांनी घेतली, "तिच्या घड्याळात वेळेतच होती ना" म्हणून.

विषयात "कथा" हा शब्द शोधायचा असेल तर सरळ लिहिलंत की पायथन युनिकोड एन्कोड एरर देतं, कारण आयमॅपलिब आस्की, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरांचं जुनं कोड, धरून बसलेलं असतं. तोड आहे, जोडणीच्या ऑब्जेक्टवर लिटरल नावाची एक जागा असते, तिच्यात "कथा" हा शब्द यूटीएफ-एटमध्ये एन्कोड करून ठेवायचा आणि मग सर्चला कॅरसेट यूटीएफ-एट आणि सब्जेक्ट एवढंच सांगायचं, शब्द मागून आपोआप जातो. चालतं, पण मी वापरत नाही. लोक विषयात "कथा" लिहितात, "katha" म्हणजे रोमनमधली कथा लिहितात, "दि. अंकासाठी" लिहितात, काही लिहीतच नाहीत. त्यापेक्षा तारखेने आणि लेबलने सगळे मागवायचे आणि गाळायचं काम आपल्या मशीनवर.

फेच, आणि तो एक शब्द

आता मुख्य काम. नेटवरच्या बहुतेक उदाहरणांत फेचला आरएफसी-८२२ असं मागतात. यानेच माझा घात केला. तसं मागितलं की सर्व्हर अख्खा मेल देतो आणि वर त्याच्यावर वाचल्याचा शिक्का मारतो, जणू कुणी उघडूनच बघितला. त्याऐवजी मागायचं बॉडी डॉट पीक, आणि त्याला चिकटून रिकामा चौकटी कंस, आणि हे सगळं गोल कंसात. पीक म्हणजे डोकावणं, दार न उघडता फटीतून बघणं. रीडओन्ली दिलेलं असताना पीक नाही लिहिलं तरी शिक्का पडत नाही, पण मी दोन्ही लिहितो, एकदा हात भाजलाय.

सगळे मेल एका फेचमध्ये मागू नका. आधी फक्त हेडर मागा, फ्रॉम, सब्जेक्ट, डेट आणि सोबत साइझ, ते पटकन येतं आणि किती काम आहे त्याचा अंदाज येतो. मग एकेक मेल. जीमेलला एका मेलमध्ये २५ एमबीपर्यंत फाइली जोडता येतात आणि मेलच्या आत फाइल बेस-६४ मध्ये, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरांच्या कोडात, जाते तेव्हा ती साधारण एक तृतीयांशाने फुगते, असे पन्नास एकदम आले की जुना लॅपटॉप रडतो.

फेचचं उत्तर विचित्र आकाराचं येतं. एक "ओके", आणि एक यादी. यादीतला पहिला घटक जोडी असते, तिच्यातली दुसरी गोष्ट म्हणजे मेलचे कच्चे बाइट्स, आणि जोडीनंतर एक सुटा गोल कंस, बंद करणारा, उगाच लटकत असतो. म्हणून यादीवर लूप फिरवताना घटक टपल आहे का ते बघा, असेल तरच घ्या.

आणि आता माझा हट्ट. हे कच्चे बाइट्स आले की ताबडतोब, काहीही उलगडायच्या आधी, यूआयडीच्या नावाने डॉट ईएमएल फाइल करून डिस्कवर लिहून टाका. मेल आणणं हे एक काम आणि मेल उलगडणं हे दुसरं, दोन वेगळ्या स्क्रिप्ट. उलगडण्यात चुका होणारच आहेत, दहा वेळा परत चालवावं लागणार आहे, त्या प्रत्येक वेळी सर्व्हरकडे कशाला जायचं. माझी उलगडायची स्क्रिप्ट मी पहिल्या आठवड्यात निदान तीसदा बदलली आणि काकूंच्या खात्याला त्याचा पत्ताही लागला नाही.

मेल उलगडणं, म्हणजे खरी गंमत

ईएमएल फाइल साध्या एडिटरमध्ये उघडून बघा एकदा. मराठी मेल असेल तर विषयाच्या जागी बरोबरचं चिन्ह, प्रश्नचिन्ह, यूटीएफ-८, प्रश्नचिन्ह, बी, प्रश्नचिन्ह आणि मग अक्षरांची रांग. त्या रांगेत फोर-के-एस, फोर-के-डब्ल्यू असं परत परत येताना दिसेल. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-एटमध्ये तीन बाइटचं, पहिले दोन जवळपास ठरलेले, आणि बेस-६४ तीन तीन बाइटचेच घास घेतं, त्यामुळे प्रत्येक अक्षराची सुरुवात सारखीच दिसते. मधे एखादी स्पेस आली की घास सरकतो आणि नक्षी बदलते. मला आता नुसतं बघून कळतं की हा मेल मराठी आहे, काय लिहिलंय ते नाही कळत म्हणा.

हे सोडवायला ईमेल मोड्यूलमधलं मेसेज फ्रॉम बाइट्स वापरायचं आणि त्याला पॉलिसी म्हणून ईमेल डॉट पॉलिसी डॉट डिफॉल्ट द्यायचं. नाव डिफॉल्ट असलं तरी आपोआप लागत नाही, स्वतः द्यावंच लागतं. नाही दिलं तर जुना मोड चालतो आणि विषय तसाच खिचडी राहतो, मग डीकोड हेडर लावा, तुकडे जोडा, नसती उठाठेव. दिलं की सब्जेक्ट मागितला की मराठीत सब्जेक्ट मिळतो.

मजकूर हवा तर गेट बॉडी, त्याला पसंतीक्रम सांगायचा, आधी प्लेन मग एचटीएमएल. कविता बऱ्याचदा थेट मेलमध्येच टाइप केलेल्या असतात, फोनवरून, त्या इथे मिळतात. कधी मेलमध्ये कॅरसेटचं, म्हणजे अक्षरं कुठल्या कोडात आहेत त्याचं, नावच चुकीचं लिहिलेलं असतं आणि गेट कंटेंट आपटतं, तेव्हा गेट पेलोडला डीकोड ट्रू देऊन बाइट्स घ्या आणि यूटीएफ-एट म्हणून उघडा, न जमलेल्या अक्षरांच्या जागी खूण टाकून.

फाइलींसाठी मी वॉक वापरतो. मेल म्हणजे डब्यात डबा असतो, वॉक प्रत्येक डबा उघडून दाखवतं, ज्या भागाला गेट फाइलनेम काही नाव देतं तो भाग लिहून घ्यायचा. प्रकारावर जाऊ नका, वर्डची फाइल कित्येकदा नुसती ऑक्टेट-स्ट्रीम म्हणून येते. लिहायच्या आधी पेलोड नन नाही ना ते बघा, कुणी मेलच अटॅचमेंट म्हणून पुढे पाठवला असेल तर बाहेरच्या भागाला नन येतं, आतलं वॉक पुढे दाखवतंच. सहीतले लोगो आणि फेसबुकची चिमुकली चित्रंही अशीच येतात, मी २० केबीखालची चित्रं बाजूला टाकतो, हस्तलिखिताचा फोटो एवढा लहान नसतोच.

फाइलच्या नावांबद्दल मात्र बसून बोलायला हवं. ४१२ मेलमध्ये "कथा डॉट डॉक्स" नावाच्या फाइली किती असतील? मी मोजल्या, ६३. "न्यू मायक्रोसॉफ्ट वर्ड डॉक्युमेंट" ११. पाठवणाऱ्याने दिलेल्या नावाने फाइल ठेवली तर प्रत्येक नवी कथा आधीच्या कथेवर बसते आणि शेवटी एकच उरते, एरर वगैरे काही येत नाही, बासष्ट लेखक गुपचूप गायब. म्हणून नावाच्या पुढे यूआयडी लावायचा, आणि एकाच मेलात दोन फाइली एकाच नावाच्या निघतात म्हणून मेलातला क्रमांकही.

दुसरं, समोरच्याने दिलेलं नाव जसंच्या तसं वापरायचंच नाही, त्यात दोन टिंबं आणि स्लॅश घालून कुणी तुमच्या फोल्डरबाहेर फाइल लिहू शकतो. बेसनेम घ्या, स्लॅश काढा. विंडोजवर प्रश्नचिन्ह आणि कोलनही चालत नाहीत, आणि मराठी कथांच्या नावात प्रश्नचिन्ह असतंच असतं.

तिसरं मला पहाटे दीड वाजता सापडलं. लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ ची मर्यादा, पण ती अक्षरांची नाही, बाइटची. देवनागरी अक्षराला तीन बाइट, म्हणजे झाली फक्त ८५, आणि त्यातही काना मात्रा वेलांटी प्रत्येक वेगळी मोजली जाते. एका आजोबांनी फाइलच्या नावातच कथेचं नाव, स्वतःचं नाव, पत्ता, फोन आणि "कृपया पोच द्यावी" असं सगळं लिहिलं होतं. स्क्रिप्ट म्हणाली फाइल नेम टू लाँग. आता मी एक्स्टेन्शन वेगळं काढतो, उरलेलं नाव एन्कोड करून १५० बाइटवर कापतो आणि परत डीकोड करताना अर्धवट तुटलेलं अक्षर दुर्लक्ष करायला सांगतो.

उतरलेली फाइल उघडल्यावर आत अक्षरांचा कचरा दिसला तर लगेच स्क्रिप्टला दोष देऊ नका. अजूनही बरेच जण जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करतात, तो फॉन्ट तुमच्याकडे नसेल तर कचराच दिसणार, त्याला कन्व्हर्टर लागतो. आणि विनमेल डॉट डॅट नावाची फाइल आली तर ती काही मेल प्रोग्रामची करणी, आत खरी फाइल गुंडाळलेली असते, उलगडायची साधनं मिळतात, मी मात्र सरळ लेखकाला परत पाठवायला सांगतो.

परत चालवताना

रोज सकाळी ७ ला क्रॉन लावलाय, म्हणजे ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारी सोय, विंडोजवर टास्क शेड्युलर. रोज सगळं पहिल्यापासून आणायचं नाही, शेवटचा यूआयडी एका फाइलमध्ये लिहून ठेवायचा आणि पुढच्या वेळी त्याच्या पुढचे मागायचे. पुढचे म्हणजे यूआयडी ४१३, कोलन, स्टार. इथे एक खोड आहे, ४१३ पासून पुढे काहीच नसलं तरी सर्व्हर शेवटचा एक मेल देतोच, कारण स्टार म्हणजे "शेवटचा" आणि उलटी रेंजही त्याला चालते. त्यामुळे नवीन काही नसतानाही ४१२ नंबरची तीच कविता रोज सकाळी उतरायची. आलेले नंबर परत एकदा आपल्या बाजूने तपासा, जुना असेल तर सोडा.

सोबत यूआयडी-व्हॅलिडिटी नावाचा आकडाही लिहून ठेवा, सिलेक्टनंतर मिळतो. तो बदलला तर त्या फोल्डरचे जुने सगळे यूआयडी बाद, मग पहिल्यापासून.

एरर मुख्यतः दोन जातीच्या येतात. एरर म्हणजे तुमची आज्ञा चुकली, परत परत पाठवून उपयोग नाही. ॲबॉर्ट म्हणजे जोडणी तुटली, नवी करा, लॉगिन, सिलेक्ट, आणि जिथे होता तिथून पुढे. पण दर दोन मिनिटांनी ठोठावू नका, जीमेल एका खात्याला एका वेळी १५ जोडण्याच देतं आणि त्यातल्या काही काकूंचा फोन आणि टॅबलेट आधीच धरून बसलेले असतात. मेल आल्या आल्या कळायलाच हवा असेल तर आयडल नावाची सोय आहे, सर्व्हर स्वतः कळवतो, पायथन ३.१४ पासून ती आयमॅपलिबमध्येच आली. दिवाळी अंकाला एवढी घाई नसते.

आणि काम झालं की लॉगआउट. क्लोज नको, मेलबॉक्स लिहिण्यासाठी उघडलेला असेल तर क्लोज डिलीटची खूण लागलेले मेल कायमचे काढून टाकतं. रीडओन्लीत ते होत नाही, पण हाताला सवय नको.

हे सगळं खटाटोप वाटलं तर आयमॅप-टूल्स आणि आयमॅप-क्लायंट अशा बाहेरच्या लायब्ररी आहेत, पिपने येतात, कंसांची कटकट त्या झाकून घेतात. मी आयमॅप-टूल्स वापरून पाहिलं, छान आहे, पण त्यात मेल आणताना वाचल्याची खूण करायची की नाही याचं मार्क सीन नावाचं सेटिंग असतं आणि ते न सांगता सोडलं तर "कर" असंच धरलं जातं. फॉल्स द्यायला विसरू नका. पीएचपीवाल्यांना एक सूचना, तुमचं जुनं आयमॅप एक्स्टेन्शन पीएचपी ८.४ पासून मूळ पॅकेजमध्ये येत नाही, नव्याने लिहिणार असाल तर त्याच्यावर बांधू नका.

शेवटी एक यादी बनते, सीएसव्ही, यूआयडी, नाव, विषय, दोन्ही तारखा, फाइली किती. एक्सेलमध्ये मराठी नीट दिसायला ती यूटीएफ-एट-सिग या एन्कोडिंगने लिहा, नाहीतर परत खिचडी. फाइली शून्य आणि मजकूर चार ओळींपेक्षा कमी अशा मेलना मी लाल करतो, त्यात गूगल ड्राइव्हची लिंक असते किंवा लेखक फाइल जोडायलाच विसरलेले असतात, गेल्या वर्षी असे २९ निघाले. काकू त्यांना स्वतः फोन करतात, यादी प्रिंट काढून, पेनाने टिक करत. अंक छापायला गेला की मी त्यांच्यासमोर ॲप पासवर्ड काढून टाकतो आणि पुढच्या जूनमध्ये नवा बनवतो.